शहाद्याचा रानपिंगळा: 113 वर्षं हरवलेला, चुकीच्या पत्त्यावर शोधलेला पक्षी

25 नोव्हेंबर 1997 ची सकाळ. शहाद्याजवळच्या सागाच्या विरळ जंगलात अमेरिकेतून आलेले तिघं पक्षीअभ्यासक फिरत होते, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट. ऊन चांगलं वर आलेलं, आणि एका उघड्या फांदीवर आखूड, गोलमटोल असं एक घुबड बसलेलं. ढोलीत नाही, पानांच्या आड नाही, सरळ उन्हात. फोटो काढले, व्हिडिओ केला, कारण नुसतं तोंडी सांगून जगात कोणी ऐकलं नसतं. या पक्ष्याचा, म्हणजे रानपिंगळ्याचा, त्याआधीचा शेवटचा खरा पुरावा होता 1884 सालचा, म्हणजे मधे 113 वर्षं गेली होती आणि बहुतेकांनी तो संपला असंच धरलं होतं.

आमचं गाव शहादा तालुक्यातलंच. तेव्हा मी शाळेत होतो, नंदुरबार जिल्हा अजून झालेला नव्हता (तो झाला 1 जुलै 1998 ला), आम्ही धुळे जिल्ह्यात मोडायचो. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, सगळं गाव शेतात, आणि तिकडे डोंगराच्या पायथ्याशी जगातल्या पक्षीशास्त्राची एवढी मोठी घटना घडतेय याचा कोणालाच पत्ता नाही. मला हे कळलं कॉलेजात गेल्यावर. आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जातच नाही, की जो पक्षी दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो तो 113 वर्षं हरवतोच कसा? या प्रश्नामागे लागून जे जे वाचलं, जे जंगलात जाऊन पाहिलं, ते एकदा सगळं सलग लिहून काढतोय.

तर सुरुवात खान्देशात नाही, छत्तीसगडात आहे. 1872 च्या डिसेंबरात बसना-फुलझरच्या बाजूला एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडून एक लहान घुबड मिळालं, ते गेलं ए. ओ. ह्यूम यांच्याकडे (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, त्या काळात भारतातल्या पक्ष्यांवर त्यांच्याएवढं काम क्वचितच कोणी केलं असेल). ह्यूमनी 1873 ला त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं हेटरोग्लॉक्स ब्लेविटी. हेटरोग्लॉक्स म्हणजे वेगळंच घुबड. हातात आल्याआल्याच त्यांना कळलं होतं की हा आपला नेहमीचा पिंगळा नाही. 1877 मधे व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आत्ताच्या ओडिशाच्या भागात अजून एक मिळाला. आणि मग गोष्ट आपल्याकडे आली.

जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी तेव्हा खान्देशात होते. नोकरी सरकारी, जीव पक्ष्यांत. 1881-82 च्या सुमारास त्यांनी पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादीही छापली. तळोदा-शहादा पट्ट्यातून त्यांनी या घुबडाचे नमुने गोळा केले, आणि 1884 ला घेतलेला त्यांचा नमुना हाच शेवटचा. नमुना म्हणजे काय तर पक्ष्याचं कातडं काढून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची, कधी, कुठे, कोणी. त्या काळी पक्षी अभ्यासायची पद्धतच ती होती. जगभरातल्या म्युझियममधे मिळून रानपिंगळ्याचे असे खरे नमुने सातच होते. एखाद्या पक्ष्याबद्दल माणसाला जे काही ठाऊक आहे ते सगळं सात कातडी आणि त्यांच्या पायाच्या सात चिठ्ठ्या, एवढंच. म्हणून त्या चिठ्ठीची किंमत समजून घ्या, पुढचं सगळं प्रकरण चिठ्ठीवरच फिरतं.

कारण मधे अजून एक नमुना पुढे आला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन, ब्रिटिश लष्करातला मोठा अधिकारी, त्याच्या शौर्याच्या कथा चालायच्या, आणि पक्ष्यांच्या जगातही वजन. त्याने आयुष्यभरात जमवलेले वीस हजाराच्या आसपास नमुने लंडनच्या म्युझियमला दिले. त्यात एक रानपिंगळा, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, मांडवी, तापी नदी, ऑक्टोबर 1914. हे मांडवी गुजरातमधलं. आपल्या प्रकाशा गावाहून वाहत गेलेली तापी पुढे उकाई धरणावरून जिथे जाते तिथलं.

आता कोणीही अभ्यासक हा पक्षी शोधायला निघाला तर कुठे जाईल? सगळ्यात ताजा पुरावा जिथला आहे तिथेच ना. 1914 समोर असताना 1884 कोण धरून बसेल? सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली या दोघांनी विसाव्या शतकात याचा शोध घ्यायचा प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. 1968 ला एक फोटो आला की हा बघा सापडला, तो नीट पाहिल्यावर साधा पिंगळा निघाला. हळूहळू मत असं बनत गेलं की शेवटचा 1914 ला दिसला, त्यानंतर नाही, संपला असणार.

आणि ती चिठ्ठी खोटी होती.

हे उघडकीला आणलं रासमुसेनबाईंनी, त्यांच्यासोबत होते पक्षीशास्त्रज्ञ नायजेल कॉलर. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर काम करता करता त्यांना माइनर्ट्झहेगनच्या नमुन्यांचा संशय येत गेला, आणि तो संशय काही नवीन नव्हता, 1919 मधेच त्या म्युझियमने त्याला पक्ष्यांच्या दालनात यायला काही काळ बंदी केली होती, नमुने गायब होतात म्हणून. तर त्यांनी हा मांडवीचा पिंगळा एक्स-रेसकट तपासला. प्रत्येक माणसाची कातडं भरायची हातोटी वेगळी असते, शिंप्याच्या टाक्यावरून जसा शिंपी ओळखावा तसं. बाहेरून नमुना उसवून परत भरलेला, पण जुन्या हाताच्या खुणा राहिलेल्या, आणि त्या खुणा डेव्हिडसनच्या. म्हणजे काय झालं होतं, की आपल्या खान्देशातून 1880 च्या दशकात गेलेला नमुना माइनर्ट्झहेगनने म्युझियममधून चोरला, उसवला, पुन्हा भरला, जुनी चिठ्ठी काढून टाकली आणि स्वतःच्या नावाची नवी बांधली. 1999 ला हे सगळं पुराव्यानिशी छापून आलं. पुढे त्याचे असे शेकडो नमुने संशयाखाली गेले.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं ते सांगतो. चोरी तर वाईट आहेच, पण चोरलेली वस्तू निदान कधीतरी सापडते. इथे चोरीबरोबर खोटा पत्ता आला. एक माणूस, एक चिठ्ठी, आणि जगातली सगळी शोधणारी माणसं नदीच्या खालच्या अंगाला बघत बसली, पक्षी वरच्या अंगाला सातपुड्यात. पुरावा नसता तर माणसाने जुन्या नोंदी उघडल्या असत्या, शहादा-तळोदा हे नाव पुढे आलं असतं. खोट्या पुराव्याने ते नावच झाकून टाकलं.

रासमुसेनबाईंनी सरळ हिशोब केला. मांडवी यादीतून काढून टाकलं, राहिल्या फक्त खऱ्या नोंदी. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, तिकडे काही नाही. मग शहादा. आणि सापडला. पुढचा महत्वाचा भाग असा की त्यांनी निघण्यापूर्वी म्युझियममधले खरे नमुने इतके बारकाईने पाहिले होते की समोर आला तेव्हा ओळखता आला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट करडं-तपकिरी, पाठ बिनठिपक्यांची. छातीवर गडद रुंद पट्टे, पोट मधे पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे, आणि पाय बघा, पांढऱ्या पिसांनी भरलेले जाडजूड पाय आणि अंगाच्या मानाने भलतेच मोठे पंजे. पक्षी सगळा मिळून 23 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जरा मोठा, पण पंजे पाहून वाटतं कोणा थोरल्या घुबडाचे लावलेत.

ते पंजे कशासाठी हे त्याच्या खाण्यावरून कळतं आणि मला वाटतं या पक्ष्याची खरी गंमत इथेच आहे. घुबड म्हटलं की रात्र, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की माझ्या मामाला मी सांगितलं तर तो म्हणे, "दिवसले घुबड दिखस का भो कधी?" पण हा दिवसा शिकार करतो. शोध लागल्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या भागात राहून अभ्यास केला, त्यात निघालं की त्याच्या खाण्यात जवळजवळ 60 टक्के सरडे, पाली, सापसुरळ्या, 15 टक्के उंदीर वगैरे, पक्षी 2 टक्के, बाकी किडे आणि बेडूक. आता सरडा आणि सापसुरळी कधी बाहेर असतात? ऊन पडल्यावर. ज्याचं जेवण उन्हात हिंडतं तो रात्री जागून काय करील. फांदीवर तासंतास गप्प बसायचं, नजर जमिनीवर, आणि सावज दिसलं की शेपटी डावी-उजवीकडे झटझट हलायला लागते, पाठलाग चालू असला की अजून जोरात. मी पहिल्यांदा ती शेपटी पाहिली तेव्हा पुस्तकात वाचलेलं सगळं विसरलो, नुसता बघत राहिलो.

आणि या शिकारीसाठी जंगल कसं पाहिजे तर विरळ. दाट अंधारं जंगल याच्या कामाचं नाही, जमीन दिसली पाहिजे, ऊन पोचलं पाहिजे, साग, ऐन, धावडा, सालई अशी पानगळीची झाडं, आणि त्यात काही म्हातारी झाडं, कारण हा स्वतः ढोली कोरत नाही, तयार ढोलीत अंडी घालतो. सपाटीवरचं नाहीतर पायथ्याचं, म्हातारी झाडं शिल्लक असलेलं विरळ सागाचं रान. नेमकं हेच रान माणसालाही सगळ्यात आधी लागतं, नांगराला सोपं, रस्त्याला सोपं, लाकडाला चांगलं.

संसार असा की जोडी जमवण्याचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत, अंडी बहुतेक दोन. मादी ढोलीत बसते, नर शिकार आणून तिला देतो, पिल्लांना ती भरवते. पिल्लं महिनाभराने, 30-32 दिवसांनी ढोलीबाहेर पडतात आणि त्यानंतरही बरेच दिवस आईबापावरच असतात. इथपर्यंत गोड वाटतं. पण त्याच अभ्यासात नराने स्वतःची पिल्लं खाल्ल्याचीही नोंद झाली. शास्त्रात याला क्रोनिझम म्हणतात, स्वतःची मुलं गिळणाऱ्या क्रोनस या ग्रीक देवावरून. हे वाचून माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, सर, मग असल्या पक्ष्याला कशाला वाचवायचं. मला तो प्रश्न प्रामाणिक वाटला. तिला एवढंच सांगितलं की घुबडांत आणि शिकारी पक्ष्यांत हे अधूनमधून दिसतं, त्याला आपल्यासारखं बरं-वाईट लावून चालत नाही. पण संवर्धनाच्या हिशोबात ही गोष्ट जड आहे, जिथे मुळात दोनच अंडी आणि मोजक्याच जोड्या, तिथे एकेक ढोली रिकामी गेली तरी फरक पडतो.

आता या प्रकरणातला असा भाग जो लिहिताना मला सोपं जात नाही. सरदार सरोवरात आपल्याकडची नर्मदाकाठची आदिवासी गावं बुडाली, त्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोदा भागातली राखीव जंगलाची जमीन देण्यात आली, सुमारे 4200 हेक्टर, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत. सपाटीवरचं सागाचं रान. म्हणजे जिथून 1880 च्या दशकात डेव्हिडसनला पक्षी मिळाले त्याच टापूतलं जंगल, पक्षी परत सापडायच्या काही वर्षंच आधी नांगराखाली गेलं. त्यात किती रानपिंगळे होते कोणी मोजलं नाही, मोजणार कोण, कागदावर तर तो नव्हताच. मी त्या वसाहतींत गेलोय, तिथल्या लोकांना दोष द्यायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही, त्यांचं घर, देव, पूर्वजांच्या जागा सगळं पाण्याखाली गेलं आणि बदल्यात मिळाली ती जमीन. ज्यांनी कागद केले त्यांच्यासमोर मात्र त्या वेळी एक खरी चिठ्ठी असती, की इथे जगातलं अतिदुर्मिळ घुबड आहे, तर निदान चर्चा तरी झाली असती, दुसरी जमीन शोधा असं म्हणणारा एखादा तरी आवाज उठला असता. माइनर्ट्झहेगनच्या खोट्या चिठ्ठीचा हिशोब मी इथपर्यंत आणतो. कोणाला हे ओढूनताणून वाटेल, मला वाटत नाही.

शोधानंतर मात्र कामाला वेग आला. पुढच्या पाहणीत उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात चार ठिकाणी मिळून 25 पक्षी मिळाले. मग तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरकडचं जंगल, 2014 ला तर थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला, जिथे कोणी अपेक्षाच केली नव्हती. गिरीश जठार, प्राची मेहता यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं. 2018 मधे दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे जनुकीय अभ्यासातून कळलं की याची नाळ साध्या पिंगळ्याच्याच अथेनी गटाशी आहे, ह्यूमने दिलेलं वेगळं घराणं टिकत नाही. आणि दुसरी, धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्तमधून एक पायरी खाली, संकटग्रस्तमधे आला. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज 250 ते 999 असा धरला जातो. पायरी खाली आली म्हणून खुश व्हायचं का? माझं मत, पक्षी वाढले म्हणून नाही तर शोधणारे वाढले म्हणून आकडा वाढला. सातपुड्यात जंगलाचे तुकडे पडायचं काही थांबलेलं नाही.

आणि धोके एका जागी बसून मोजता येत नाहीत, वर्षाच्या चक्रात बघावे लागतात. होळीच्या आसपास, काठी गावच्या होळीला डोंगरातले सगळे जमतात त्याच दिवसांत, महू (मोहाचं झाड) फुलायला लागतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आग कधी तेवढ्यावर थांबते कधी डोंगर चढते. नेमक्या त्याच काळात रानपिंगळ्याची पिल्लं ढोलीत किंवा नुकती बाहेर आलेली, आणि पालापाचोळ्यातले सरडे-सापसुरळ्याही त्यातच जातात. महू हे त्या घरांचं वर्षाचं मीठ-तेल आहे, म्हणून आग लावू नका असं नुसतं सांगून भागत नाही. काही ठिकाणी झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरून फुलं गोळा करतात, मी पाहिलंय, फुलं स्वच्छ मिळतात. जाळ्या पुरवणं हे माझ्या दृष्टीने घुबडाचं संवर्धन आहे, पोस्टर छापण्यापेक्षा जास्त. याशिवाय लाकूडतोड आहे, आणि घुबडाभोवतीचा जादूटोणा, दिवाळी आली की घुबडांवर संकट येतं ते वेगळंच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, पण ढोलीपाशी कायदा उभा नसतो.

एक चूक आमच्या हातूनही झाली. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही पाच-सहा जण पायथ्याच्या एका जंगलात गेलो, एकाच्या मोबाईलमधे रानपिंगळ्याचा आवाज होता. विणीच्या दिवसांत हे आवाजाला पटकन उत्तर देतात, हे वाचलेलं होतं. आवाज लावला, नर आला, अगदी जवळच्या फांदीवर, सगळ्यांनी फोटो काढले, मग परत लावला, परत आला, शेपटी नुसती झटकत होता. अर्धा-पाऊण तास हे चाललं. घरी येऊन रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्याच्या हिशोबाने तो हद्दीत घुसलेला दुसरा नर शोधत होता, त्या वेळात त्याने एकही सरडा धरला नाही, आणि ढोलीतली मादी त्याच्याच आणण्यावर होती. ज्या पक्ष्याला एका खोट्या चिठ्ठीने इतकी वर्षं गायब केलं त्याला आम्ही खोटा आवाज ऐकवत होतो. त्यानंतर आमच्या ग्रुपमधे आवाज लावणं बंद, पूर्ण बंद, कोणी पाहुणा आला तरी.

यंदाच्या फेब्रुवारीत परत गेलो. आवाज नाही, फक्त बसून राहायचं ठरवलेलं. सकाळी नऊच्या सुमारास नर आला, चोचीत सापसुरळी, अजून वळवळणारी. एका जुन्या झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी मादी आली, घेतली, आत गेली. बकऱ्या घेऊन आलेला एक पावरा आदिवासी पोरगा आमच्या शेजारी येऊन बसला, दुर्बिणीतून बघितलं, आणि म्हणाला, "हा तर रोजच बसतो इथे. सकाळी या फांदीवर, दुपारी त्या." झाड त्यांच्या वनपट्ट्याच्या (वनहक्कात मिळालेल्या जमिनीच्या) बांधावर आहे. वडील तोडणार होते, सावली पडते म्हणून, आता काय करतील माहीत नाही म्हणाला. दुपारी आम्ही त्याच्या वडिलांना भेटलो, चहा झाला, बराच वेळ बोललो, त्यांनी सांगितलं की पिल्लं उडेपर्यंत तरी हात लावत नाही.

वहीत तारीख, वेळ, झाड, शिवार, काय खाल्लं, सगळं जसं पाहिलं तसं लिहिलं, आणि ती नोंद वनखात्याकडे दिलीय. इथे गावाचं नाव लिहीत नाही, पिल्लं अजून ढोलीतच आहेत.